हेडफोन जमला, टँकर हुकला

मंडळी, आज सकाळी बरेच दिवस मनात असलेला उद्योग केला. माझ्या जाळीदार हेडफोनचा पट्टा तुटलेला. त्याचे स्पीकर काढले, भावाच्या बिघडलेल्या हेडफोनच्या जाड, बंद कपांत बसवले आणि तारा सोल्डर केल्या. कानाला लावला तर तबला असा घुमला की बाहेरचं काहीच ऐकू येईना.

तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर येऊन गेला.

दार उघडलं तर शेजारच्या काकू दोन घागरी भरून उभ्या. "टँकर गेला की रे! कवाची हाका मारायले मी. घे, आजचं भागव."

दुपारी स्पीकर परत जाळीच्या कपांत बसवले, पट्टा सुतळीनं बांधला. तबला आता तितका घुमत नाही. काकूंची हाक मात्र ऐकू येते.

लातूरकरांनो, या उन्हाळ्यात दोन्ही कान झाकून गाणी ऐकणारं कुणी आहे का?