जीवंती घरी येते

माझ्या वडिलांचं दुसरं लग्न मी जवळजवळ जमवलं होतं, तेही एका वेलीशी.

घाटकोपरच्या चाळीत आम्ही तिघं राहायचो: वडील, म्हणजे भाऊ, मी, आणि आई गेल्यावर आमचं घर सांभाळायला आलेली थोरली आत्या. ती विधवा होती आणि तिचं बाकी कुणी नव्हतं.

भाऊ छापखान्यात खिळे जुळवायचे. डोळे अधू झाले आणि एका लग्नपत्रिकेत 'वधू'चा 'वध' झाला. मालकानं तंबी दिली. शेजारच्या कांताबेननं मग आपले वैद्यबुवा घरी धाडले.

मी बाहेर गॅलरीत अभ्यास करत होतो (पुस्तक उलटं, कान खिडकीला).

"भाऊसाहेब, घरी जीवंती आणा," वैद्यबुवा सांगत होते. "कोवळी बघा, जून नको. खेड्यातली असली तर फारच उत्तम. थोडा आधार दिलात की दोन महिन्यांत घरची होते."

"या वयात गुण येईल?" भाऊंनी हळूच विचारलं.

"का नाही? रोज मात्र हवी."

मी धावत जाऊन ही वार्ता आत्याच्या कानावर घातली. बी.ए.ला संस्कृत घेतलं असल्यामुळे नावाचा अर्थही फोड करून सांगितला! आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावरून आले, तर दारात तिची ट्रंक.

"कुठे निघालीस, अक्का?"

"कुठेही. पोराच्या लग्नाचं बघायचं सोडून तूच बाशिंग बांधतोस. तिला कशाला माझी अडचण?"

"कुणाला?"

"जीवंतीला."

भाऊंनी पिशवीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रोप काढलं. "ही जीवंती. पाल्याची भाजी करून खायची, डोळ्यांसाठी."

कुणी हसलं नाही. आत्या ट्रंकेवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. भाऊंनी रोप तिच्यापाशी ठेवलं. मग म्हणाले, "तू गेल्यावर मला नीट दिसून तरी काय करायचंय?"

आत्यानं ट्रंक आत ढकलली आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

भाजी भाऊंनी मनापासून खाल्ली, पुढे चष्माही घेतला. नोकरी टिकली.

काही वर्षांनी माझ्यासाठी मुलगी बघायला निघालो, तर आत्या आधीच चपला घालून तयार.

"मी येते," ती भाऊंना म्हणाली. "हा एकटा गेला, तर कुंपणावरची वेल पसंत करून यायचा."