ओंडक्यांच्या घरातले शनिवार

आम्ही तिघं भेटलो की आधी घराची चौकशी होते आणि मग किस्से निघतात. घर दोन वर्षांत बांधून झालं, किस्से अजून संपत नाहीत!

मी पुण्याचा, नीलेश नागपूरचा, मल्लू निपाणीचा. नोकऱ्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि मल्लूचा प्लॉट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंकाच्याही पुढे. तिथे निलगिरीच्या ओंडक्यांचं घर आपल्याच हातांनी बांधायचं, असं एकदा कँटीनमध्ये ठरलं.

*

नीलेशनं एक्सेल शीट केली. सहा शनिवारांत घर तयार! पहिला शनिवार शहर ओलांडण्यात आणि डोसे खाण्यात गेला. संध्याकाळी जागेवर एकच ओंडका. तेवढ्यात नीलेशच्या बायकोचा फोन, "किती उभं राहिलं?"

"अजून आडवंच आहे!"

*

ओंडक्यांची साल सोलताना आमचे हात सोलून निघाले. शेजारच्या शेतातल्या गौरक्का सकाळभर बघत होत्या. शेवटी कोयता घेऊन आल्या आणि आमचा चहा निवायच्या आत अख्खा ओंडका सोलून मोकळ्या! जाताना मल्लूला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"काय रे म्हणाल्या?"

"विचारतायत, तुम्हाला ऑफिसात नेमकं काय काम देतात?"

*

अशा घराला आधी भिंती रचतात, दार मागाहून कापतात. नीलेश आत उभा राहून ओंडके बसवत होता. भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा कळलं, शिडी बाहेर, करवतही बाहेर! आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. गौरक्कांनी मात्र भिंतीवरून इडल्यांचा डबा आत सोडला.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अक्का, चटणी?"

*

यंदा खालच्या ओंडक्याला वाळवी लागली. गाडीच्या जॅकवर कोपरा उचलून आम्ही तो बदलला. नव्या ओंडक्याची खाच मल्लूनं एकट्यानं, छिन्नीनं घातली. तीन शनिवार तो त्यातच होता.

त्याचे अप्पा निपाणीचे नावाजलेले सुतार. मल्लूच्या कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. "तू कॉम्प्युटरच बडव," म्हणायचे. आता ते मल्लूकडेच असतात, पण माणसं ओळखत नाहीत. ओंडका बसवला त्या दिवशी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं.

काम झालं तसे अप्पा उठले. कोपऱ्यापाशी गेले आणि जोडावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"कुणी केलं हे?"

"मी," मल्लू म्हणाला.

अप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रे तू?"

मल्लूनं हातातली छिन्नी खाली ठेवली.

"बापाला जाऊन सांग. म्हणावं, पोराचा हात चांगला आहे."

"सरी, बरं," मल्लू म्हणाला. "सांगतो."