वॉर्डाची सतरंजी

नेपियर टाउनच्या आमच्या घरी दर रविवारी पक्षाची वॉर्ड समिती बसायची. अध्यक्ष माझे सासरे. लोडाला तेच टेकणार आणि त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा चेला, तोफांच्या कारखान्यातला फिटर. पुढे तो लोड त्याचाच, हे कुणी न बोलता ठरलेलं होतं.

मग दिल्लीत गादीवरून भांडणं झाली आणि पक्षाचे दोन तुकडे पडले. सासरे जुन्या पुढाऱ्यांकडे राहिले. चेला नव्या गटात गेला आणि वॉर्डातली बहुतेक माणसं त्याच्या मागे. त्याने निरोप पाठवला की सतरंजी न्यायला येतो. ती वर्गणीतून घेतलेली, म्हणजे वॉर्डाची. जिकडे सतरंजी, तिकडे बैठक.

मी तेव्हा विशीतली. राजकारण आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत. खरं तर कोणाला चहात साखर किती लागते, एवढंच कळायचं. मी सतरंजी उचलून हौदात बुडवली. ओल्या सतरंजीवर कशी भरवतील बैठक? सासऱ्यांचं अध्यक्षपद वाचवून मी पदर खोचून उभी राहिले, जणू दिल्लीहून आता मलाच बोलावणं येणार!

चेला आला. "वहिनी, काहून भिजवली जी? संध्याकाळी बैठक आहे ना."

"मळली होती. तुमच्या नव्या लोकांचे पाय मोठे साफ आहेत म्हणे."

सासरे बाहेर आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हौदातून सतरंजीचं एक टोक त्यांनी उचललं. भिजलेली सतरंजी एकट्याला पेलत नाही. चेल्याने दुसरं टोक धरलं.

"चांगली पिळ," सासरे म्हणाले. "नाही तर वास मारते."

वाळल्यावर त्यांनीच ती त्याच्या सायकलला बांधून दिली. वर लोडही दिला. पुढच्या रविवारी मी सवयीने चहाचं मोठं पातेलं चढवलं. सासूबाईंनी ते उतरवून माळ्यावर टाकलं. सासरे नुसत्या फरशीवर पेपर वाचत होते.

पुढे लढाई लागली. कारखाना थांबेना, घरोघरी खिडक्यांना काळे कागद. जवानांसाठी गरम कपडे जमवायला चेल्याने दोन्ही गटांना बोलावलं. सासरे गेले, मी स्वेटरांचं गाठोडं घेऊन मागे. ते दाराशी, पोरासोरांत बसले. चेला त्याच्या जुन्याच जागी, उजवीकडे. लोड रिकामा.

"बाबूजी, इकडे या ना."

"तू टेक त्याला. दिवसभर उभा राहून आलास." सासरे म्हणाले. "आणि रिकामा लोड पाहून लोकं माझ्याकडे पाहून राहिले. बरं नाही वाटत."

चेला सरकला. टेकला, पण मान वर करेना.

"हं, बोल आता," सासरे दारातूनच म्हणाले.

मी बायकांत बसले. सतरंजीचा निळा रंग पांढऱ्या पट्ट्यांत फुटला होता. माझ्या राजकारणाची तेवढीच कमाई.