दोन रेघांचं पाखरू

नायरी पास्कोने गावातल्या तीन पिढ्या शाळेच्या बसमधून नेल्या-आणल्या आणि तिन्ही पिढ्यांना एकाच आवाजात दटावलं. काय आवाज होता! मी उमेदीची सगळी वर्षं रंगमंचावर घालवली, पण शेवटच्या रांगेला असा हादरा मला कधी देता आला नाही. तरी खरी संतापलेली नायरी मी एकदाच पाहिली, आणि तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता.

गावाबाहेर लव्हाळ्याचं तळं आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बदकांचा हंगाम उघडतो. उजाडायच्या आत आम्ही आपापल्या माइमाइत, म्हणजे फांद्यालव्हाळ्यांनी झाकलेल्या आडोशात, जाऊन बसतो. बंदूक मी कधी धरली नाही. नायरीच्या माइमाइतला थर्मास माझ्याकडे असायचा.

इंग्लंडहून आणून सोडलेली हिरव्या मानेची मॅलार्ड मारायची. पण न्यूझीलंडचं मूळचं राखाडी बदक, पारेरा, आमच्या तळ्यावर कोणी मारत नसे. कायद्याची बंदी नव्हती. बंदी नायरीच्या वडिलांची होती. पारेराच्या चेहऱ्यावर दोन काळ्या रेघा असतात. "दोन रेघा दिसल्या की बंदूक खाली," म्हातारा म्हणायचा. चुकून कोणी मारलंच, तर त्याने तो हंगाम संपेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही आणि सगळ्यांच्या बदकांची पिसं उपटत बसायचं. चाळीस वर्षांत अशी पाळी दोघांवरच आली. त्यातल्या ऑसी मॅकगर्कला लोक अजून 'पिसं-ऑसी' म्हणतात.

मॅलार्डशी जोड्या जमून पारेराचं रक्त पातळ होत चाललं होतं. अस्सल पारेरा कुठे उरलंय ते शोधायला विद्यापीठातून डॉ. रोवेना ल्यूकस आली. तिने शिकाऱ्यांना छोट्या बाटल्या दिल्या. मारलेल्या प्रत्येक बदकाच्या मांसाचा चिमूटभर तुकडा आत टाकायचा आणि वर तळ्याचं नाव लिहायचं. नायरीने घरोघर फिरून बाटल्या वाटल्या, विसराळूंना दम दिला. आमच्या तळ्यावरून ब्याऐंशी बाटल्या भरून गेल्या.

पुढच्या मे महिन्यात, हंगाम उघडल्याबरोबर अहवाल आला. आमच्या तळ्यापुढे एकच ओळ होती : अस्सल पारेरा आढळले नाही.

आणि तळं बुजवून गाईंसाठी कुरण करायचा एक अर्ज काउन्सिलपुढे होता. त्याची सुनावणी बारा दिवसांवर आलेली. पारेराच नसेल तर तळं राखायला कारण उरत नव्हतं; त्या ओळीवर तळं जाणार, हे सगळ्यांना कळलं.

नायरीने माझ्यासमोर रोवेनाला फोन लावला.

"डॉक्टर, जी मारली त्यांचं मांस आम्ही दिलं. जी मारली नाहीत त्यांचं कुठून देणार?"

"म्हणजे तुम्ही पारेरा मारतच नाही?"

"चाळीस वर्षं नाही. चुकून दोन गेली, तेवढीच."

"मग हे मला सांगितलं का नाही, मिसेस पास्को?"

"तू विचारलं होतंस?"

"नव्हतं विचारलं," रोवेना म्हणाली. " चूक माझी आहे. मी आजच काउन्सिलला लिहिते."

तिने खरंच लिहिलं. काउन्सिलचं उत्तर आलं : पत्र नको, नमुना हवा.

"बघ," नायरी मला म्हणाली, आणि हाच तो खाली आलेला आवाज. "मारलं असतं तर ते आहे म्हणून लिहिलं असतं. जपलं, म्हणून ते नाहीच! बापाने चाळीस वर्षं काय केलं मग?"

जिवंत पाखरू पकडायच्या परवानगीला तीन महिने लागणार होते. नायरी दोन दिवस गुडघाभर चिखलात पिसं वेचत फिरली. भिजून कुजलेली ती पिसं तपासणीत निकामी ठरली.

ऑसी तिच्या दारात आला. "आंटी, मी मारतो एक. माझं नाव तसंही गेलेलंच आहे."

"गप रे पिसं-ऑसी. बापाचा नियम मोडायचा तर त्याची पोरगी मोडेल. तुझा काय संबंध?"

शनिवारी पहाटे मी तिच्या शेजारी बसलो होतो. पाच पारेरा खाली उतरली. दुर्बीण न लावताही रेघा दिसत होत्या. नायरीने बंदूक उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. तिच्या तोंडून एक शिवी निघाली, पाखरांना नव्हे. मग बार झाला. तिचा कुत्रा पाण्यात गेला, पाखरू घेऊन आला आणि शेपटी हलवत उभा राहिला. तिने त्याला शाबासकी दिली नाही.

गुरुवारी सुनावणी टाउन हॉलमध्ये झाली, जिथे मी तीस वर्षं राजे आणि खलनायक रंगवले. नायरी उठली. एका हातात रोवेनाचा कागद : अस्सल, शंभर टक्के. दुसऱ्या हातात त्या पाखराचा पंख.

"तुमच्या कागदाला एक मेलेलं पाखरू हवं होतं. हे घ्या. आता मला सांगा, आणखी किती मारू म्हणजे तुम्हाला बाकीची दिसतील?"

काउन्सिलच्या पाच जणांनी तो कागद हातोहात फिरवला. अर्ज फेटाळला गेला. हॉल टाळ्यांनी दणाणला, मीही हात लाल होईस्तोवर वाजवल्या. नायरी मागच्या दाराने निघून गेली होती.

त्या रविवारी ती शिकाऱ्यांच्या शेडमध्ये स्टुलावर बसलेली दिसली. बंदूक कपाटात, पुढ्यात सगळ्यांच्या बदकांचा ढीग.

"आंटी, उठ," ऑसी म्हणाला. "ही शिक्षा चुकून मारणाऱ्याला. तू तर तळं वाचवलंस."

"दोन रेघा होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग? आण ते इकडे."

तिने बदक मांडीवर घेतलं आणि पिसं अशी ओरबाडली की कातडी फाटली. हंगाम संपेपर्यंत सहा आठवडे ती तशीच उपटत होती, आणि एकानेही फाटलेल्या बदकाबद्दल तक्रार केली नाही.