टिकलीखालचा पांढरा डाग

माझ्या बायकोच्या कपाळावर पांढरा डाग पडला आणि माझ्या भावजयीने त्याला कोड म्हटलं. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही.

डाग आला टिकलीने. आणि टिकल्या दिल्या त्याच भावजयीने. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून पाकिटं वाटली, मेन रोडवरून घाऊक आणलेली. बायको आधी कुंकू लावायची, पण मळ्यात फुलं खुडताना घामाने ते नाकावर उतरायचं. टिकली तिला बरी वाटली. आधी खाज सुटली, मग तेवढंच गोल लाल झालं, साल गेली आणि खालून पांढरं निघालं. सवाष्ण बाई मोकळ्या कपाळाने फुलबाजारात बसेल कशी? तिने डाग झाकायला मोठी टिकली लावली. डाग तेवढा मोठा झाला. मग त्याहून मोठी. आमच्याकडच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

पुढच्या हळदीकुंकवाला भावजयीने सगळ्यांना बोटाने कुंकू लावलं आणि माझ्या बायकोपुढे नुसता करंडा धरला. “ताई, तुमचं तुम्हीच लावून घ्या. कोडाचं काय सांगावं.”

बायको घरी येऊन घासलेलीच भांडी परत घासत बसली. तेव्हापासून ती बाजारात पदर भुवयांपर्यंत ओढून बसायची. गिऱ्हाईक बोललं तरी मान वर करायची नाही.

मी तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाठीवर बारीक पट्ट्या चिकटवल्या, त्यात ती टिकलीपण. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तर टिकलीच्या जागी लालभडक चट्टा.

“टिकलीच्या गोंदातलं रसायन यांना सोसत नाही, त्याने रंग गेला,” डॉक्टर म्हणाले. “आणि खरं कोड असतं तरी ते शिवल्याने लागत नाही. टिकली बंद. रंग परत येईलही, नाहीही.”

“मग वाटणारीला कसं काय झालं नाय?”

“सगळ्यांना होत नाही, बाबा.”

तिला झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तसाच भावाकडे गेलो. धाकटा भाऊ सातपूरला कंपनीत साहेब आहे, मी चौथीतून शाळा सोडलेला. माझं ऐकताना तो मोबाइल बघत होता. भावजय म्हणाली, “दादा, डॉक्टर काहीपण सांगतात. घरात लग्न हाय, पोराच्या सासरची माणसं येणार. ताईंनी हळदीला जरा मागंच थांबावं.”

आमच्यात नवरदेवाला पहिली हळद घरच्या थोरल्या सुनेने लावायची. म्हणजे माझ्या बायकोने. मी चहा न पिता उठलो. मांडवाची फुलं माझ्या मळ्यातून जाणार होती, त्याला मी नाही म्हटलं नाही.

हळदीच्या सकाळी झेंडू आणि शेवंतीने भरलेला टेम्पो मांडवाच्या तोंडाशी आडवा लावला. किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसलो. बायको आत केबिनमध्येच होती.

“अहो, तमाशा नका करू,” ती म्हणाली.

“तमाशा तिनं केला. मी नुसता बघायला आलोय.”

भाऊ धावत आला. “दादा, पाहुणे बाहेर खोळंबलेत. काय पाहिजे तुला?”

“पहिली हळद तुझी वहिनी लावील. त्याआधी तुझ्या बायकोनं तिला कुंकू लावायचं. बोटानं. सगळ्यांदेखत.”

“आणि नाय लावलं तर?”

“तर मांडवाला कागदाची फुलं लाव. मेन रोडला घाऊक मिळतात.”

नवरीकडच्या बायका पदराआड हसल्या. मला तेच हवं होतं.

भावजय करंडा घेऊन आली. बायको खाली उतरली, आणि मी न सांगता तिने पदर मागे सारला. डाग उन्हात चकाकला. भावजयीचं बोट कपाळाजवळ येऊन थांबलं. बायको हलली नाही. म्हणाली, “लाव. तुझ्याच वाणाचा हाय.”

भावजयीने लावलं. कुंकू मध्ये बसलं आणि भोवतीने पांढरं तसंच दिसत राहिलं. मग बायको ताठ मानेने आत गेली आणि पुतण्याच्या गालाला पहिली हळद लावली.

भावजय मला म्हणाली, “झालं ना समाधान? आता तरी किल्ली द्या.”

“देतो. तिचं लावून होऊ दे सावकाश.”

शेवंती उन्हाने माना टाकत होती. मी खुर्ची सावलीत सरकवली.