काकांची करवत, मामांचं खोड

फोन उचलणारा माणूस कुजबुजत बोलत होता. मला पहिली गडबड वाटली ती तिथेच! भर दुपारी स्वतःचीच वस्तू विकणारा माणूस कुजबुजेल कशाला?

"मशीन एकदम फस्क्लास आहे," तो म्हणाला. "फक्त येताना चपला बाहेर काढजा, अन् घरात आवाज करू नका."

मी फोन ठेवून काकांना म्हटलं, "आपण जायला नको."

"तुले तर दाराची बेल वाजली तरी गडबड वाटते वं!" काका म्हणाले आणि शर्ट घालायला गेले.

बेलचं खरं आहे. कुकरची शिट्टीही त्यात धरा. पण लाकडाच्या धंद्यात भुसा आणि किस्से एकाच वेगानं जमतात. भुसा निदान संध्याकाळी झाडून बाहेर टाकता येतो. किस्से कुठे टाकायचे? म्हणून हे तुमच्यासमोर टाकतेय.

आमच्या काकांचं नागपुरात, मनीषनगरला फर्निचरचं वर्कशॉप आहे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे ऑर्डर घ्यायला बसते. एक दिवस वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांना वाचायचं लांब टेबल हवं होतं, तेही एकाच सलग फळीचं, जोड नको. आणि रिक्षावाल्याकडे सुट्टे मागतानाही "सॉरी" म्हणणारी मी, त्या दिवशी फाडकन म्हणाले, "होईल की!"

बाबांनी लगेच अट घातली. ही ऑर्डर झाली तर वर्कशॉप. नाही झाली तर बँकेच्या परीक्षेचा क्लास. (क्लासची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती!)

एवढी फळी होती एकाच ठिकाणी. पारशिवनीला माझ्या मामांच्या शेतात वादळात एक जुना आंबा पडला होता. खोड इतकं जाड की कुठलीच आरागिरणी घेईना, आणि तुकडे केले तर सलग फळी कुठून निघणार? म्हणजे करवतच तिथे न्यायची. त्यात मामांनी खोड विटांच्या भट्टीवाल्याला कबूल करून ठेवलेलं, जळणासाठी.

मामा म्हणाले, "शनिवारी भट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन येते. तो येईन त्याच्या आधी जेवढ्या फळ्या निघतील त्या तुमच्या. उरलं ते त्याचं. मी दोघायलेही जबान देली आहे!"

म्हणून आम्हाला हवी होती पेट्रोलवर चालणारी मोठी चेनसॉ. नवी परवडणारी नव्हती. जुनी सापडली उमरेडला, या कुजबुजणाऱ्या माणसाकडे.

* * *

उमरेडला गेल्यावर कुजबुजीचं कारण कळलं. मशीन आईच्या बाजेखाली होती, आणि आई बाजेवर!

"आईले सांगतलं का मशीन कवाच विकली," तो कानात म्हणाला. "झोपली आहे तोवर काढून घेऊ."

काका आणि तो पोटावर सरपटत बाजेखाली गेले. मी दारात उभी राहून घाम पुसत होते. मशीन हळूहळू बाहेर यायला लागली, आणि तिच्याबरोबर गोधडीही! चेनचे दात गोधडीच्या टोकात अडकले होते. बघता बघता म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण बाजेवरून उतरून चालायला लागलं.

आई उठून बसली. आधी माझ्याकडे बघितलं. "कोण वं तू? अन् माही गोधडी कुठं चालली?"

मी किंचाळले. बाजेखालून मुलगा म्हणाला, "आई, ते... गॅसवाले आहेत."

"गॅसवाले बाजेखाली काय करून राहिले? विकलं म्हनते अन् माह्याच खाली ठेवते! रोज पाठीले टोचते मेलं." मग काकांचे बाहेर आलेले पाय बघून म्हणाली, "न्या बापा, न्या! अन् जमलं तर याले बी घेऊन जा!"

* * *

काकांचा टेम्पो नेमका गॅरेजात होता, त्यामुळे मशीन एसटीनं आणली. टाकी रिकामी केली, पुसली आणि सगळं त्याच गोधडीत गुंडाळलं. (गोधडी आईनं बक्षीस दिली.) इंजिनचा गोल भाग खाली, लांब पातं वर. शेजारच्या सीटवरच्या आजी बराच वेळ बघत होत्या.

"वीणा आहे का जी?"

मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "हो ना आजी. भजनाले चाललो."

"मंग म्हना ना एखादं!"

मला वाटलं, झालं! आता काका कबूल करतील. काकांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. एक संपलं की आजी दुसरं सांगायच्या. मागच्या सीटवरून टाळ्या यायला लागल्या. कंडक्टरनं सामानाचं तिकीट द्यायला काढलेलं तिकिटाचं यंत्र परत बॅगेत ठेवलं.

नागपुरात उतरताना आजी गोधडीला हात लावून नमस्कार करायला वाकल्या. मी धावत मध्ये हात घातला, कारण कापडाखाली चेनचे दात होते.

आजी काकांना म्हणाल्या, "पोरगी लय देवाची आहे. वीनेले कोनाचा हात लागू देत नाही!"

* * *

मशीन सुरू होत नव्हती, हे सांगायला नकोच. दुरुस्तीला बसले गजूभाऊ. हे आमच्या शेजारचे स्कूटर मेकॅनिक. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू मुळात स्कूटरच असते. चेनसॉ म्हणजे चाकं नसलेली स्कूटर, पंखा म्हणजे उलटी टांगलेली.

पिस्टनवर चरे होते, रिंग अडकल्या होत्या, कार्बोरेटरमध्ये वार्निशसारखा चिकट थर. गजूभाऊंनी सगळं सुटं केलं. बारीक पार्ट हरवू नयेत म्हणून काकांनी युक्ती काढली आणि घरातून काकूचं इडलीपात्र आणलं. एका खळग्यात स्क्रू, एकात वॉशर, एकात स्प्रिंग. खरं सांगते, असा सुबक पार्ट ट्रे कंपनीतही नसेल!

रविवारी काकूकडे तिची मैत्रीण आली. काकूनं कौतुकानं पीठ भिजवलेलं. पात्र शोधत शोधत ती वर्कशॉपमध्ये आली. गजूभाऊ मान खाली घालून काम करत होते.

"गजूभाऊ," काकू शांतपणे म्हणाली, "सांबार आणू का?"

गजूभाऊ वर न बघता म्हणाले, "नाही वहिनी, आधी रॉकेलमधून काढतो."

* * *

मशीन पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी तिथे होते. म्हणजे, सुरू होण्याच्या आदल्या क्षणापर्यंत होते.

दोरी ओढून ओढून काकांचा खांदा गेला, गजूभाऊंचा गेला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानंही ओढून बघितली. मी म्हटलं, "आता काही ती सुरू होत नाही," आणि जवळ जाऊन वाकून बघितलं. त्याच वेळी काकांनी शेवटचा झटका दिला.

तो आवाज कसा सांगू? ढगाला कोणी फाडलं तर! मी पळाले. कुठे पळाले ते मला कळलं नाही. भानावर आले तेव्हा मी समोरच्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये होते. खुर्चीत. आडवी.

डॉक्टर हातमोजे चढवत होते. "कोणता दात?"

मी नुसतं बाहेर बोट दाखवलं. बाहेर करवत गर्जत होती.

डॉक्टर हसून म्हणाले, "घाबरू नका हो. आपली मशीन एवढी मोठी नाही!"

* * *

मग काकूनं पूजा केली. चेन काढून दुधानं धुतली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. पूजेनंतर गजूभाऊंनी चेन परत चढवली आणि अंगणातल्या बाभळीच्या ओंडक्यावर मशीन टेकवली.

कापण्याचं नावच नाही. नुसता धूर!

"धूर निघून राहिला म्हंजे कापून राहिली," काका म्हणाले.

अर्ध्या तासानं ओंडक्यावर एक काळी रेघ उमटली होती. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून हळूच म्हटलं, "गजूभाऊ, चेन उलटी बसली आहे का?"

गजूभाऊंनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "मॅडम, चेन गोल असते. गोलाले काय उलटं अन् काय सुलटं?"

काका म्हणाले, "बरोबर आहे." इस्त्रीवालाही म्हणाला, बरोबर आहे. तीन पुरुषांचं एकमत झालं. दिवसभर धूर निघाला. शुक्रवार असा गेला!

संध्याकाळी काकू चहा घेऊन आली. चेनवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दूध मी वाहिलं. पन हे चेन तर दाताच्या पाठीकडून कापाले निघाली ना गजूभाऊ!"

गजूभाऊंनी चेन फिरवली. ओंडका काकडीसारखा कापला गेला. गजूभाऊ चहाचा घोट घेत म्हणाले, "दुधानं फरक पडते."

* * *

आता शनिवार. पारशिवनी.

पहाटेच निघालो, तरी खोडावर सगळं बसवेपर्यंत ऊन चढलं. पहिला काप सरळ यावा म्हणून खोडावर लांबीच्या दिशेनं ॲल्युमिनियमची शिडी ठोकली. तिच्यावरून करवत बसवलेली लोखंडी फ्रेम सरकवत न्यायची, म्हणजे खाली फळी सुटत जाते. एका बाजूला काका, एका बाजूला गजूभाऊ. मी सगळ्यांना कान झाकायचे मोठे हेडफोनसारखे मफ घालायला लावले. मामांनाही. मामा ते घालून बांधावर बसले आणि लगेच पेंगायला लागले.

करवत लागली. पिवळाधमक भुसा उडायला लागला, कैरीसारखा वास. माझं टेबल त्या खोडातून बोटबोट बाहेर येत होतं. मी पहिल्यांदाच त्या आवाजाला न घाबरता उभी होते.

काकांच्या पाठीमागून ट्रॅक्टर आला.

भट्टीवाला. कानात इयरफोन, मान डोलतेय. त्यानं खोडावर वाकलेली माणसं बघितली, त्याला वाटलं मामांचेच मजूर आहेत. हात वर करून रामराम केला. उतरला, खोडाच्या मागच्या टोकाला साखळी अडकवली, परत चढला, आणि गिअर टाकला!

"काका!" मी ओरडले. काकांच्या कानावर मफ. "गजूभाऊ!" मफ. "मामा!" मफ, आणि वर झोप!

खोड हललं. हळूहळू मागे सरकायला लागलं. काका एका जागी उभे, आणि खोडच करवतीखालून चाललेलं. भुशाच्या ढगातून काकांचा आनंदानं फुटलेला आवाज आला, "गजू! पाह्य, लोन्यासारखी चालून राहिली! ढकलाचीही गरज नाही!"

"दुधाचा फरक!" गजूभाऊ ओरडले.

मी काकांना फोन लावला. खिशात उजेड पडला, विझला. गजूभाऊंना लावला. मामांना लावला, मामा झोपेत कूस बदलून त्याच फोनवर पडले. धावत ट्रॅक्टरला आडवी जायला निघाले तर चिखलात एक चप्पल राहिली. शेताचा बांध जवळ आला होता. त्या पलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर गेलं की माझ्या अर्ध्या फळीसकट खोड भट्टीवाल्याचं!

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लाल रंगात लिहिलेलं दिसलं: 'विटांसाठी संपर्क'. खाली मोबाइल नंबर.

घाईत दोनदा राँग नंबर लागला. तिसऱ्यांदा रिंग गेली. एक. दोन. तीन.

भट्टीवाल्याची डोलणारी मान थांबली. त्यानं कानाला हात लावला, माझं "हॅलो!" ऐकून ब्रेक दाबला, नीट ऐकू यावं म्हणून ट्रॅक्टर बंद केला, आणि समोर आभाळाकडे बघत अदबीनं म्हणाला,

"हां, बोला ताई. विटा कुठं टाकाच्या?"