माळ्यावरचा आवाज

हिवरखेडच्या मोटार स्टँडवर आई मला पोचवायला आली तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला नाही. मोटार हलली तशी खिडकीला धरून चालत एवढंच म्हणाली, ‘‘तिथं हयू बोलजो वं बाई. लोक काय म्हन्तीन?’’ मी आपलं हळूच ‘बरं’ म्हटलं. पलीकडं चहा पीत बसलेल्या दोघांनी वळून पाहिलं. आईनं कपाळावर हात मारला. गाव सोडतानाची माझी आठवण ही अशी आहे.

आता माझा आवाज काही उगाच मोठा झालेला नाही. आठव्या वर्षापासून मी पाटलाच्या ज्वारीत पाखरं राखायची. चार खांबांवर बांधलेला माळा, हातात गोफण, आणि गोटे संपले की उरला तो घसा. ओरडायचं नाही, ओरडलं की तासाभरात आवाज बसतो. पोटातून लांब सोडायचा, म्हणजे शेताच्या त्या टोकाचा थवा उठतो. बाबांनी शिकवलं होतं. शेतात सगळ्यांना हा आवाज हवा असे, आणि घरी आले की मी कुजबुजावं अशी अपेक्षा! बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा आईला म्हणाले, ‘‘आपन लई पिढ्या हयू बोललो. बोलू दे तिले.’’ आईनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ‘‘हयू बोल, सारं गाव आयकते.’’ पाटलाच्या दारावरून जाताना जन्मभर आवाज खाली ठेवलेली बाई ती. मला तेव्हा एवढी समज कुठली? मला नुसता संताप यायचा.

अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाणारी आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी. परीक्षेचा शेवटचा पाठ बिघडला तर परत गावी, लग्न आणि पुन्हा पाटलाचं शेत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. होस्टेलच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘अगं, तू बोलतेस की हाका मारतेस?’’ मग सगळ्यांनीच ते काम वाटून घेतलं. जेवताना एक, प्रार्थनेला दुसरी, आणि खोलीतली मैत्रीण तर झोपेतही ‘शूऽऽ’ करायची. मी मोरीचं दार लावून हळू बोलायचा सराव केला. पाठासाठीसुद्धा गोड, बारीक आवाज बसवून ठेवला.

पाठ ज्या शाळेत घ्यायचा तिच्या भिंतीला लागूनच जिनिंगचा कारखाना होता. कपाशीचा हंगाम, सरकी काढायची यंत्रं धडधडत होती, वरचे पत्रे थरथरत होते. परीक्षा घ्यायला आलेले साहेब मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले. माझ्या आधी आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, एवढंच दिसलं. पोरं खिडकीतून कापसाच्या गाड्या मोजू लागली. ती डोळे पुसत खाली बसली.

मग मी. त्याच बसवलेल्या बारीक आवाजात ‘मुलांनो’ म्हटलं. एकाही पोरानं मान वळवली नाही. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. डोळ्यांपुढं पुन्हा पाटलाची ज्वारी आली. म्हटलं, गेलं खड्ड्यात ते हळू बोलणं. पाय रोवले, पोटात श्वास भरला आणि पूर्णा नदी कुठून निघते ते थेट मागच्या बाकापर्यंत सोडलं. पोरं दचकून सरळ बसली. साहेबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. पुढची पंचवीस मिनिटं त्या वर्गात कारखाना चालू होता की बंद, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पास झाले. शेरा काय मिळाला? ‘पाठ उत्तम. आवाज अनावश्यक मोठा.’ आता बोला! तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे, रागानं.

पुढं अकोल्याला नोकरी लागली, तिथंच संसार झाला. साठ-साठ पोरांचे वर्ग हेडमास्तर नेमके मलाच देत, आणि क्वार्टरमध्ये मात्र भिंतीपलीकडच्या बाई म्हणत, ‘‘तुमचं सगळं ऐकू येतं हो.’’ त्यांच्यासाठी, नवऱ्यासाठी, शेवटी माझ्याच मुलीसाठी, घरी तरी आवाज उतरवायला शिकलेच. वस्तीतल्या लोकांनो, तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनीही काही ना काही असंच उतरवलं असेल. आणि गावातच राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता ना की ही शहरात जाऊन मऊ झाली, त्याचं कारण हे.

गेल्या उन्हाळ्यात हिवरखेडला गेले. बाबा आता नाहीत. आई दारातल्या निंबाखाली बसली होती. मी जवळ बसून शहरातल्या रीतीनं हळूच विचारलं, ‘‘आई, बरी आहेस ना?’’ तिनं कानामागं हात धरला. पुन्हा विचारलं. ती वैतागली. ‘‘काय कुचकुच करून राहिली वं? जोरानं बोल ना! माये कान गेले, तुयं तोंड बी गेलं काय?’’

मला रडू आलं आणि रागही आला. जन्मभर जिनं आवाज दाबायला लावला ती मलाच विचारते! उठले, पाय रोवले, आणि पोटातून हाक दिली, ‘‘मायऽऽ, बरी हाय ना?’’

निंबावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. आईचा सगळा चेहरा फुलला. मग तिनं घाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझा हात दाबून म्हणाली, ‘‘हयू बोल वं बाई, सारं गाव आयकते.’’

घर म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर एवढंच सांगीन. जगात सगळ्यांनी मला हळू बोल म्हटलं. माझा आवाज ऐकू आल्यावर हसून तसं म्हणणारी आई एकटीच.